क्लच आहे का?

अक्का बोलायला लागल्या की त्यांचा डावा हात गिअर टाकायला लागायचा. समोर ना गाडी, ना स्टिअरिंग. बंगळुरात जयनगरला एका दर्शिनीबाहेर, म्हणजे उभ्याउभ्या खायच्या छोट्या हॉटेलाबाहेर, आमची रविवार सकाळची कॉफी चाललेली असायची. पण विषय रंगला की त्यांचा हात वर जायचा आणि हवेतल्या हवेत पहिला, दुसरा, तिसरा. कुणी पाल्हाळ लावलं की त्याच्याकडे रोखून बघत त्या हात मधोमध आणायच्या. म्हणजे न्यूट्रल. म्हणजे आता आपण गप्प बसावं. आणि चौथ्यात गेल्या की आम्ही समजून जायचो, आता अर्धा तास ब्रेक नाही.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. शिंपी तुमच्याशी बोलता बोलता तुमच्याच सदऱ्याची शिवण चाचपतो, तबलजी जेवणाच्या पंगतीत मांडीवर ठेका धरतो. अक्कांचं तसंच होतं. त्यांची पद्मिनी मोटार जुन्या धाटणीची, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या गळ्याशी. त्यामुळे हा हात छातीच्या उंचीवर चालायचा आणि नवख्या माणसाला वाटायचं, बाई माश्या वारताहेत.

मी नव्वद सालानंतर पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी बंगळुरात आलो तेव्हा मला ही मंडळी सापडली. मंडळी म्हणजे फार नाहीत. राजाजीनगरला स्पेअरपार्टचं दुकान असलेले शामराव, ज्यांच्या घराण्याला इथे इतक्या पिढ्या झाल्या होत्या की त्यांच्या मराठीत दर चार शब्दांनंतर एक कन्नड शब्द यायचा. एका सरकारी प्रयोगशाळेतले इंजिनिअर, मूळचे नागपूरचे, ज्यांना सगळे नागपूरकरच म्हणायचे. मी, म्हणजे पुणेकर. आणि अक्का. वयानं त्यांच्याच बरोबरीच्या नागपूरकरांपासून दर्शिनीच्या मालकापर्यंत त्यांना सगळे अक्काच म्हणत. चौघांनाही गाड्यांचं वेड. इलाज नसलेलं.

अक्का मूळच्या सांगलीकडच्या, पण वडिलांच्या नोकरीमुळे लहानपणीच इकडे आल्या आणि बनशंकरीच्या झाल्या. एका सरकारी कारखान्यात विजेच्या मोटरी तपासायच्या खात्यात त्या अधिकारी होत्या. यजमान लवकर गेले, मुलगी लग्न होऊन अमेरिकेत. घरात अक्का आणि पोर्चमध्ये पद्मिनी. गाडी कशी चालवायच्या म्हणता? एकदा आम्हाला नंदी हिल्सच्या घाटात घेऊन गेल्या. मागच्या सीटवर शामराव डोळे मिटून देवाचं नाव घेत होते आणि या बाई वळणावळणावर गिअर बदलत मला समजावून सांगत होत्या, "पुणेकर, इंजिनाचा आवाज ऐक. ते दमायच्या आधी आपण खालच्या गिअरमध्ये यायचं. माणसाला बोलायला लावू नये, त्याच्या आधी समजून घ्यावं." वर पोचल्यावर शामराव उतरले आणि म्हणाले, "अक्का, उतरताना स्वल्प निधान, हं? म्हणजे सावकाश. मला दोन मुली आहेत."

ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्यांना त्या गाडी मानायलाच तयार नव्हत्या. लिफ्ट म्हणायच्या. "बटण दाबा, वर जा. त्यात तुम्ही काय केलंत?" आणि दुसऱ्या कुणी कुठल्या गाडीला नावं ठेवली की लगेच ठरलेलं वाक्य यायचं, "चालवली आहेस का? नाही ना? मग आधी चालव, मग बोल."

अशात ती बातमी आली.

एक जपानी कंपनी दोन सीटची स्पोर्ट्स गाडी काढणार होती आणि ती हायब्रीड असणार होती. म्हणजे पेट्रोलचं छोटं इंजिन आणि त्याच्या शेजारी विजेची मोटर. जोर लागला की मोटर इंजिनाला हात देणार, ब्रेक मारला की तीच मोटर उलट बॅटरी भरणार. नागपूरकरांच्या प्रयोगशाळेत एक परदेशी मासिक यायचं, त्यात प्रदर्शनातल्या नमुन्याचा फोटो होता. गाडी पुढून बुटकी, मागे निमुळती होत गेलेली, मागची चाकं पत्र्यानं झाकलेली. आम्ही चौघं त्या फोटोवर अशी डोकी घालून उभे होतो की दर्शिनीच्या मालकाला वाटलं लॉटरीचा निकाल लागला.

"मागच्या चाकांना पदर घेतलाय हिनं," मी म्हणालो.

"पंक्चर झालं तर?" शामरावांचा धंद्याचा प्रश्न. "चाक दिसायला तर बेकू, पाहिजे ना?"

नागपूरकर मात्र फोटो बघून मान हलवत होते. "हायब्रीड म्हणजे कसं असते माहीत आहे न? ज्वारीत आली होती. पीक भरपूर, भाकरीला चव नाही. तसंच होणार आहे बाप्पा. पेट्रोल वाचन, पण मजा जाईन. बॅटरीचं ओझं घेऊन कुठं स्पोर्ट्स गाडी असते का?"

अक्कांनी मात्र फोटो हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला. जन्मभर सोमवार ते शनिवार विजेच्या मोटरी आणि रविवारी पेट्रोलची गाडी, असा दोन घरचा संसार केलेली ती बाई. त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला अजून दिसतो. म्हणाल्या, "अय्यो! माझं सासर आणि माहेर एका बॉनेटखाली आलं रे!"

आणि हात सरळ चौथ्यात.

मोटर शून्यापासून कशी ओढते, इंजिन जिथे लंगडं पडतं तिथेच मोटर कशी जोरात असते, दोघं मिळून घाट कसा चढतील, हे सगळं त्यांनी त्या दिवशी आम्हाला इडलीच्या ताटलीवर चमच्यानं आकृत्या काढून सांगितलं. मग थांबल्या. आणि एकदम विचारलं, "पण याला गिअर कसला आहे? क्लच आहे का?"

मासिकात तेवढंच दिलेलं नव्हतं.

पुढे कितीतरी रविवार आम्हाला दुसरा विषयच नव्हता. माझ्या ऑफिसात इंटरनेट होतं. एक पान उघडेपर्यंत माणूस चहा पिऊन यायचा, पण मी चहा पीत नव्हतो, त्या पानापुढे बसायचो. जे सापडेल ते छापून रविवारी न्यायचो. बॉडी ॲल्युमिनियमची. नागपूरकर म्हणाले, ठोकली तर भांडीवाल्याकडं न्या. इंजिन तीनच सिलिंडरचं. शामराव म्हणाले, तीन म्हणजे रिक्षा झाली. आम्ही हसायचो, भांडायचो, पुन्हा हसायचो. जपानमधली ती गाडी, आमच्यापैकी एकाच्याही दारात येण्याची सुतराम शक्यता नाही, आणि घरच्या लग्नाची बोलणी चालावीत तशी आमची चर्चा. आणि प्रत्येक वेळी अक्कांचा तोच प्रश्न, "बाकी राहू दे. क्लच आहे का?"

आम्हाला वाटायचं, खऱ्या ड्रायव्हरला हाच प्रश्न पडणार. लिफ्ट निघू नये म्हणजे झालं.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. अक्का आता रविवारी ऑटोनं यायच्या. विचारलं तर म्हणायच्या, कार्बोरेटर उघडलाय. शामराव भाबडेपणानं म्हणाले, "दुरुस्तीचं किट माझ्याकडून नेलं नाहीत, अक्का?" अक्कांनी हात न्यूट्रलला आणला.

मग नागपूरकरांनी नवी शंका काढली. मासिकात गाडीची लांबी-रुंदी आली होती, ती बघून म्हणाले, "यात बॅटरी मावन, माणूस मावणार नाही. मी तर नाहीच." नागपूरकरांचा देह भरभक्कम होता, त्यांना हा प्रश्न जिव्हाळ्याचा होता.

अक्का म्हणाल्या, "पुढच्या रविवारी माझ्याकडे या. काढूनच दाखवते."

त्यांच्या कारखान्यात पद्धत होती. नवं मोठं मशीन यायच्या आधी त्याचा आकार खडूनं जमिनीवर खराखुरा काढायचा. मग माणूस कुठे उभा राहील, क्रेन कुठून वळेल, हे त्या रेघांमध्ये चालून बघायचं. कागदावर सगळंच बसतं, म्हणायच्या, जमिनीवर काय ते कळतं. त्या रविवारी आम्ही बनशंकरीला पोचलो तर अक्का पदर खोचून, हातात सुतळी आणि गजपट्टी घेऊन घरासमोरच्या रस्त्यावर उभ्या. रस्ता झाडून, सडा घालून तयार. शेजारच्या बायका आपापल्या दारातली रांगोळी आटपून आत गेल्या होत्या. आणि अक्कांनी रांगोळीनंच काढायला घेतली. जपानी स्पोर्ट्स गाडी, पूर्ण आकाराची.

खरं सांगतो, अक्कांना रांगोळी येत नव्हती. दिवाळीत त्यांच्या दारातलं कमळ कोबीसारखं दिसायचं. पण ही गाडी! सुतळी ताणून सरळ रेघा, कंबरेत वाकून एका झोकात बॉनेटचं वळण, मागे निमुळती होत गेलेली शेपटी. मध्ये दोन सीट. मागे बॅटरीचा चौकोन, त्यात त्यांनी हळद भरली. समोरच्या अज्जी काठी टेकत आल्या आणि कन्नडमध्ये विचारलं, ही कसली पूजा? अक्का म्हणाल्या, "कारु, अज्जी. जपान कारु." अज्जींनी जाऊन घरातल्या सगळ्यांना बोलावून आणलं.

"आता बसा," अक्का म्हणाल्या.

मी प्लास्टिकची खुर्ची आणायला निघालो तर ओरडल्या, "खुर्ची कसली? स्पोर्ट्स गाडी आहे ती! जमिनीला लागून बसायचं असतं. पाट आण." मी स्वयंपाकघरातनं दोन पाट आणले. नागपूरकर रस्त्याच्या मधोमध पाटावर मांडी घालून बसले. अक्का म्हणाल्या, मांडी नाही, पाय पुढे. पाय पुढे केले. इकडे तिकडे बघितलं. कोपर हलवून बघितलं.

"मावतो न मी," ते हळूच म्हणाले. केवढा आनंद झाला होता त्या माणसाला!

एक रिक्षावाला आला. त्याला वाटलं अपघात झालाय. शामरावांनी त्याला कन्नडमध्ये सगळं समजावलं, त्यानं गाडीला पूर्ण प्रदक्षिणा घालून विचारलं, ॲव्हरेज किती देते? आकडा ऐकून त्यानं कपाळाला हात लावला आणि पुढे जाताना रांगोळीला धक्का लागू नये म्हणून रिक्षा पार गटाराच्या कडेनं नेली.

शेवटी अक्का स्वतः ड्रायव्हरच्या पाटावर बसल्या. चिमटीत रांगोळी घेऊन पायांपुढे पेडल काढली. उजवीकडे एक. त्याच्या शेजारी एक. आणि हात झटकले.

"अक्का क्लच विसरल्या!" नागपूरकर टाळी वाजवत म्हणाले. "खुद्द अक्का क्लच विसरल्या!"

"विसरले नाही. यात नसेल."

"काहून नसेल? मग ती लिफ्टच झाली न, तुमच्याच भाषेत."

"नसला म्हणून काय झालं?" अक्का फाडकन म्हणाल्या. "जगात सगळ्यांनी काय पाय मोडेपर्यंत क्लचच दाबत बसायचं?"

हे अक्का बोलत होत्या? मग कॉफी आली म्हणून सगळे पोर्चकडे वळले. अक्का पाटावरच बसून राहिल्या. "तुम्ही व्हा पुढे," म्हणाल्या, "मी जरा अजून एक चक्कर मारून येते." सगळे हसले. मी मागे वळून बघितलं तर त्या उठायचा प्रयत्न करत होत्या आणि डावा पाय उठू देत नव्हता. मी जाऊन हात दिला. त्यांनी तो असा घट्ट धरला की माझी बोटं मोडतील असं वाटलं.

"गुडघा गेलाय," त्या म्हणाल्या. "डावा. डॉक्टर म्हणतात, क्लच बंद. कार्बोरेटर वगैरे सगळं खोटं रे. गाडी कधीची उभीच आहे."

मी म्हणालो, मुलीकडे जाणारच आहात, तिथे सगळ्या ऑटोमॅटिकच असतात.

"लिफ्ट चालवायला तिकडे कशाला जाऊ? मला एक गाडी हवी आहे पुणेकर, क्लच नसलेली, पण गाडी. ही ती असली पाहिजे. रिटायर झाल्यावर सहा महिने तिकडे जाणार आहे, तोवर ती तिकडे आलेली असेल. एकदा चालवायची. मग बसेन घरात जपमाळ घेऊन, खुशाल." डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडानं हसत होत्या. "यांना सांगू नकोस. नागपूरकर दया दाखवतील, मला सहन नाही व्हायची."

त्या दिवसानंतर ऑफिसातल्या त्या पानापुढे मी वेगळाच माणूस होऊन बसायला लागलो. आधी मजा होती, आता धाकधूक. देवा, दोन पेडल असू देत. गाडीवेड्या माणसानं असलं काही मागावं म्हणजे काय! पण मी मागत होतो.

बातमी मला नाही, नागपूरकरांना मिळाली. एका रविवारी ते म्हैसूरपाकाचा डबाच घेऊन आले. लांबूनच मासिक झेंड्यासारखं हलवत होते.

"पाच गिअर! हातानं टाकायचे! क्लच आहे! आत्ता दुसरा प्रकार नाहीच, फक्त हाच! आपण हरलो बाप्पा, ज्वारी नाही ही. खरी गाडी काढली जपान्यांनी!"

शामरावांनी त्यांना मिठी मारली. दर्शिनीच्या मालकानंही एक तुकडा घेतला. दोन वर्षं शंका काढणारा माणूस स्वतःच्या हरण्याचे पेढे वाटत होता, आणि कुठल्याही दुसऱ्या दिवशी मी त्याला खांद्यावर घेतलं असतं. मी अक्कांकडे बघत होतो.

अक्कांचा हात वर आला. पहिला. दुसरा. तिसरा. चौथा. आणि मग, त्यांच्या पद्मिनीत नसलेला, पाचवा. अगदी सावकाश टाकला.

"शाब्बास," त्या म्हणाल्या. "शाब्बास रे पठ्ठ्यांनो!" आणि म्हैसूरपाकाचा तुकडा तोंडात घातला.

परत जाताना मी त्यांच्याबरोबर रिक्षात बसलो. मला त्या जपान्यांचा राग आला होता, नागपूरकरांचा आला होता, म्हैसूरपाकाचासुद्धा आला होता. बाई मात्र मजेत बाहेर बघत होत्या. शेवटी मी म्हणालो, "अक्का, तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. दगड आहे का मी? पण आनंदही झाला. लिफ्ट निघाली असती तर मला चालवता आली असती, आणि मग मी जन्मभर तिला नावं ठेवली असती." मग जरा वेळानं म्हणाल्या, "दाबून बघू."

"काय?"

"क्लच. एकदा चालवण्यापुरता दाबला की झालं ना. हिमालय चढायचा नाहीये मला."

डॉक्टरांनी आधी डोक्याला हात लावला, मग पायाचे व्यायाम लिहून दिले आणि बजावलं, दुखलं की थांबायचं. अक्कांनी त्या व्यायामांत आपला एक घातला. रोज संध्याकाळी पोर्चमधल्या पद्मिनीत बसायचं, इंजिन बंद, आणि क्लच दाबायचा. गिअर टाकायचा. सोडायचा. पुन्हा.

हे नागपूरकरांना कसं कळलं? ते मासिक परत न्यायला गेले आणि त्यांनी बघितलं की अक्का बंद गाडीत घामाघूम होऊन बसल्यात. ते काय समजायचं ते समजले. नंतर मी एका संध्याकाळी बनशंकरीला गेलो तर गेटातूनच आरडाओरडा ऐकू आला.

"समोरून बस येऊन राहिली अक्का! ब्रेक! ब्रेक! अन् क्लच? क्लच काहून नाही दाबला? बंद पडली न गाडी!"

"बंदच आहे ती, नागपूरकर!"

"तुम्ही बोलू नका, रस्त्यावर लक्ष ठेवा. चला, पहिला टाका. हळू. हां. उचला पाय. दुखला?"

"नाही."

"खोटं बोलून राहिल्या. दोन मिनिटं गाडी बाजूला घ्या."

बाजूच्या सीटवर नागपूरकर, काच खाली करून कोपर बाहेर काढलेलं, डोक्याला उन्हाची टोपी. संध्याकाळ होती, ऊन कुठलं? पण प्रवासाला निघालेल्या माणसाला टोपी लागतेच. दया दाखवतील म्हणून अक्का ज्यांना घाबरत होत्या, ते रोज ऑफिस सुटल्यावर येऊन हा असा त्यांचा जीव खात होते. आणि ही दोघं नुसती बसून क्लच दाबत नव्हती. ती म्हैसूरला निघाली होती. पहिल्या आठवड्यात बिडदीपर्यंत मजल गेली. बिडदी आली म्हटल्यावर नागपूरकर उतरले आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलातून खरीच तट्टे इडली, बिडदीची ती प्रसिद्ध ताटलीएवढी इडली, बांधून घेऊन आले. तिथून चन्नपट्टण, मग मंड्या. एके दिवशी पाय फार दुखला तर नागपूरकर म्हणाले, आज मंड्यातच मुक्काम करू, टायर गरम झालेत. समोरच्या अज्जी रोज संध्याकाळी कठड्यावर येऊन बसायच्या आणि विचारायच्या, आज कुठवर?

ज्या दिवशी म्हैसूर आलं त्या दिवशी मीही मागच्या सीटवर होतो. शेवटच्या टप्प्यात अक्कांनी न थांबता गिअर टाकले, वर गेल्या, खाली आल्या. मग हँडब्रेक ओढला. नागपूरकरांनी टोपी काढली आणि गंभीरपणे म्हणाले, "आलं बाप्पा म्हैसूर. चला, आता अमेरिका."

अक्का स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसल्या. हसता हसता हुंदका आला, तो आम्ही ऐकला नाही असं दाखवलं.

निवृत्तीनंतर त्या मुलीकडे गेल्या. गाडी तिकडे दुकानात आल्याची बातमी आम्हाला आधी आली, अक्कांची काही खबर नाही. रविवार येत होते, जात होते. नागपूरकर कुणाशी भांडत नव्हते. मासिक घडी करून खिशात ठेवायचे आणि दर्शिनीच्या गल्ल्यावरच्या फोनकडे बघायचे, कारण अक्का तोच नंबर घेऊन गेल्या होत्या. रविवारी सकाळी आम्ही सगळे तिथेच सापडू म्हणून.

आणि एका रविवारी मालकानं आतून हाक मारली, "अक्का लाइनवर!"

रिसीव्हर नागपूरकरांच्या हातात, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी आम्ही दोघं कान लावून. आवाज खोल विहिरीतून यावा तसा, पण अक्कांचाच.

"चालवली!"

आम्ही तिघांनी केवढ्यानं आरोळी ठोकली असेल! दोन गिऱ्हाइकांची कॉफी सांडली.

"क्लच?" नागपूरकर ओरडले.

"लोण्यासारखा आहे हो! पद्मिनीपुढे काहीच नाही. पाचही टाकले. पाचही! आणि ऐका तरी, पहिल्याच सिग्नलला माझी फजिती झाली. गाडी थांबवली, न्यूट्रल केली, आणि इंजिन गप्प! मला वाटलं, मेलं, बंद पाडली मी. जपान्यांची अब्रू गेली, आपली गेली. मी खाली चोक शोधायला लागले. शेजारी तो दुकानातला पोरगा बसलेला. त्याला कळेना ही बाई डॅशबोर्डखाली काय चाचपते. अहो, ती आपणहून बंद होते! थांबलं की पेट्रोल कशाला जाळायचं म्हणून. क्लच दाबून गिअर टाकला की परत सुरू. मी क्लच दाबला, आणि ती उठली. आवाज नाही, धक्का नाही. अय्यो, नागपूरकर, काय उठली म्हणून सांगू!"

"अन् ओढते का? खरं सांगा."

"तिसऱ्यात पाय दिला की मोटर मागून हात लावते. म्हणजे अगदी कळतं, कुणीतरी पाठीला हात लावलाय आणि म्हणतंय, चल. चढ होता तिथे. चढ कळलाच नाही."

नागपूरकर डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "अन् पाय?"



"परत येताना गेला," अक्का म्हणाल्या. "उचलेचना. कडेला घेतली. मग त्या पोरानं चालवत आणली, मी बाजूला. आता नाही व्हायचं परत, ते कळलं मला तिथेच. रडले मी गाडीत. तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं गाडी आवडली नाही. मी सांगितलं त्याला, बाबा रे, आवडली म्हणूनच."

नागपूरकरांनी रिसीव्हर कानापासून काढून पुढे केला. फोन शामरावांनी घेतला आणि कन्नड, मराठी दोन्ही भाषांत ओरडत राहिले.

अक्का परत आल्या नाहीत. सहा महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची काही वर्षं, आणि मग त्यांच्या मुलीचा फोन आला. तो मी घेतला होता. नागपूरकरांना सांगायला मीच गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

ती गाडी आमच्यापैकी कुणीही कधी प्रत्यक्ष पाहिली नाही. तरी रविवारी विषय निघतो, नवी मंडळी येतात, हायब्रीड म्हटलं की नाक मुरडतात. मग नागपूरकर सुरू होतात. सिग्नलला ती कशी गप्प होते, क्लच कसा लोण्यासारखा, तिसऱ्यात मोटर पाठीला कसा हात लावते. मध्यंतरी मुंबईहून आलेल्या एका सॉफ्टवेअरवाल्यानं त्यांना विचारलं, "काका, एवढं डिटेलमध्ये सांगताय, तुम्ही स्वतः चालवलीय का?"

"नाही न," नागपूरकर म्हणाले. "अक्कांनी चालवली. मी बाजूला बसलो होतो."

शामरावांनी माझ्याकडे बघितलं. मी कॉफी प्यायलो.